वरच्या कोर्टाची खबर

तेंदूचं पान सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा त्या न्यायालयाला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. टिळक मार्गावरची घुमटाची इमारत अजून उभी राहायची होती. न्यायमूर्ती बसत ते संसद भवनात, एके काळी संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळासाठी बांधलेल्या दालनात. तिथे डिसेंबर १९५२ मध्ये निकाल लागला तो ‘छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्याचा. छोटाभाई जेठाभाई म्हणजे गोंदियाच्या बिडीधंद्यातलं बडं नाव, आणि आमच्या बोदलकसा तलावाच्या भोवतालच्या डोंगरांत खुडलेलं पान गोंदिया-तिरोड्याच्या बिडी कारखान्यांकडेच जायचं. त्यामुळे हा खटला आमच्या घरात कायद्याच्या पुस्तकातून शिरला नाही. तो पान मोजून घ्यायच्या फडावरून आला, आणि फडावरून येणारी गोष्ट वाटेत जेवढी फुगते तेवढी फुगून आला.

माझे आबाजी तेव्हा तिशीच्या आत होते. उन्हाळ्यात फडमुन्शीच्या हाताखाली पुडकी मोजायचं काम करत. बाया पहाटेच्या अंधारात जंगलात शिरत, ऊन चढायच्या आत डोक्यावर गाठोडं घेऊन परतत, आणि मग घरची सगळी माणसं सावलीत बसून पानं जुळवत. देठ एका बाजूला, पालथ्यावर पालथं पान, वरून पळसाच्या वाकाची गाठ. संध्याकाळी फडावर मुन्शी मधूनच एखादं पुडकं उपसून मोजी. पानं कमी भरली की त्या बाईचा सगळा ढीग संशयात. आबाजींची कोर्टाची गोष्ट या मोजणीपासूनच सुरू होई.

“तं वकील पानाचं पुडकं घेऊनच दिल्लीले गेला म्हन्ते. जजसायबाच्या टेबलावर ठेवलं. सायबानं इचारलं, हे माल हाये का जमीन? वकील म्हने, हुजूर, हातात घेऊन पाहा. जमीन अशी हातात येते का जी?”

एवढं सांगून ते थांबत, आणि हातात खरंच काही धरल्यासारखी मूठ उघडून दाखवत. गोष्ट खरी असण्याची त्यांना गरज वाटत नसे. पण गंमत अशी की सगळ्या खटल्याचा गाभा त्या एका सवालात नेमका उतरला होता.

झालं होतं ते असं. मध्य प्रदेशानं १९५० मध्ये मालगुजारी मोडायचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांची जंगलं, तलाव, पडीत जमीन सरकारजमा झाली. पण बिडीवाल्यांनी त्याआधीच मालगुजारांना पैसे मोजून पुढच्या काही हंगामांचं पान, लाख, लाकूड विकत घेऊन ठेवलं होतं. सरकार म्हणालं, जंगल आमचं झालं, तेव्हा पानही आमचं. बिडीवाले म्हणाले, आम्ही जमीन घेतलीच नव्हती, फक्त पान घेतलं होतं. न्यायालयानं बिडीवाल्यांचं मानलं आणि सरकारला हात आखडता घ्यायला लावला.

आबाजींची गोष्ट इथे संपते. पान जिंकलं, सरकार हरलं. खटल्याचा उत्तरार्ध त्यांनी कधीच सांगितला नाही, आणि तो मला कळला तो कितीतरी वर्षांनी, नागपूरला शिकायला गेल्यावर.

मधल्या काळात १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि जुन्या मालगुजारी जंगलांचे खटले नव्या प्रतिवादीसह दिल्लीला जात राहिले. १९५८ मध्ये एका जमीनदाराच्या पत्नीचं प्रकरण आलं, ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’. नवऱ्यानं तिला जंगलातलं लाकूड तोडायचा हक्क लिहून दिला होता, पण दस्त नोंदवलेला नव्हता. तिचा अर्ज फेटाळला गेला. पण त्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वतंत्र मत लिहिलं, ते आजही कायद्याची पोरं पाठ करतात. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. झाड कधी जमीन असतं आणि कधी माल, हा त्यांच्यापुढचा पेच. झाड जोवर मुळांतून जमिनीचं सत्त्व ओढत वाढत राहणार आहे, तोवर ते जमिनीचाच भाग. इमारतीच्या कामाचं, पुरतं वाढलेलं आणि आता लवकरच तोडायचं म्हणून उभं असलेलं झाड तेवढं वेगळं. निकालपत्रातलं हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की लिहिणाऱ्यानं साग उभा पाहिलेला आहे.

मग १९५९ मध्ये ‘महादेव विरुद्ध मुंबई राज्य’. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. तेही नागपूरच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. त्यांनी तेंदूपानाचे करार नीट उलगडून पाहिले. ठेकेदाराला नुसतं पान खुडायचं नव्हतं. झुडपं छाटायची होती, जाळायची होती, पान साठवायला जागा हवी होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची छाटणी केली नाही तर मे महिन्यात कोवळं, बिनडागी पान फुटत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एवढे सगळे हक्क घेतले म्हणजे जमिनीतलाच वाटा घेतला, आणि तो नोंदणीशिवाय मिळत नाही. सरकारवर हे करार बंधनकारक नाहीत, असा निकाल झाला. छोटाभाई खटल्यातला आपलाच निकाल न्यायालयानं या वेळी मानला नाही. पान हरलं.

ही दुसरी खबर बोदलकसाला आली नाही असं होणं शक्य नाही. ठेकेदार तेच, मुन्शी तेच, फड तेच. पण ती कुणी लक्षात ठेवली नाही, आणि मला त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माझ्या आजीला मी तिच्या म्हातारपणी विचारलं होतं, तो निकाल फिरला तेव्हा काय बदललं? ती म्हणाली, “काई नाही वं बाई. शेकड्याचा भाव तोच होता.” १९५२ मध्ये पान खुडणारी तीच, १९५९ मध्येही तीच. १९६९ मध्ये महाराष्ट्रानं वनोपजाच्या व्यापारावर कायदा करून तेंदूचा व्यवहार सरकारी ताब्यात घेतला, तेव्हाही पहाटे जंगलात शिरणारी तीच. पुडक्यात किती पानं, एवढाच तिच्यापुरता खटल्याचा विषय होता, आणि त्याची सुनावणी रोज संध्याकाळी फडावर होत असे.

वर्तमानपत्रं आमच्याकडे तिरोड्याहून येत. तिरोडा मुंबई-हावडा रेल्वेवर, त्यामुळे नागपूरचा पेपर तिथवर वेळेत पोचे. पुढे डोंगर ओलांडून बोदलकसापर्यंत येताना त्याचं वय वाढे. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांचे अंक एकदम येत. ते घेणारे एकच, शाळेतले गुरुजी. गावची ढोरं जमतात त्या आखराजवळच्या पारावर बसून ते मोठ्यानं वाचत, आणि वाचता वाचता भाष्यही करत. त्यामुळे कुठे बातमी संपली आणि कुठे गुरुजी सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. आजच्या वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चा पाहताना मला गुरुजींची फार आठवण येते. फरक एवढाच, की गुरुजींना मध्येच थांबवून “हे पेपरात हाये का तुमचं हाये जी?” असं विचारता येई, आणि ते प्रामाणिकपणे सांगत.

१९७६ च्या उन्हाळ्यात मात्र थांबवून विचारायला काही उरलं नव्हतं. आणीबाणी होती, पेपर तपासून निघत होते, रेडिओ सरकारचाच होता. ओळखीतले एक मास्तर मिसा कायद्याखाली आत होते आणि त्यांच्या घरचे रोज कुणाला ना कुणाला विचारत, कोर्टातून काही झालं का. नागपूर खंडपीठासह देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं, की स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येईल. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते मोडून काढलं. मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, ही बातमी रेडिओवर ऐकली आणि बॅटरी वाचवायची म्हणून बटण बंद केलं. “मंग कोरट कायले पायजे?” एवढंच ते म्हणाले, असं मोठी आई सांगते.

तो जो एक विरोधी होता, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, त्याचं नाव गावानं ऐकलं ते आणीबाणी उठल्यावर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खन्नांवर अग्रलेख लिहिला होता, आमच्या पारावर ते नाव यायला वर्ष लागलं, आणि तोवर त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलंही होतं. चौघांतले एक यशवंतराव चंद्रचूड. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ मध्ये खाजगीपणाच्या निकालात वडिलांचा तो निर्णय चुकीचा ठरवला, तेव्हा मी मोठ्या बाबांना फोन केला. त्यांना मास्तरांचं नाव आधी आठवलं, खटल्याचं नाही.

आमच्या भागातून गेलेला आणि देशभर गाजलेला एक खटला मात्र पारावर कधीच वाचला गेला नाही. तो बायकांत बोलला गेला, बिड्या वळताना. गोंदियाहून चांदा फोर्टला छोटी लाईन जायची, तिच्यावर वडसा म्हणजे देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका अल्पवयीन मजूर मुलीवर दोन पोलिसांनी केलेला अत्याचार. तिच्या नावानं तो खटला ओळखला जातो. मला तिचं नाव इथे लिहावंसं वाटत नाही. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये दोषी धरलं, आणि १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, म्हणजे संमती होती, असा तो युक्तिवाद.

“ठाण्याचं दार पोलिसानं लावलं,” मोठी आई म्हणते, “अन् इचारतेत तिले, का ओरडली काहून नाही. कोन ऐकनार होतं वं? पोलीसच ना?”

हे वाक्य तिनं १९७८ मध्ये म्हटलं की १९८० मध्ये, तिला सांगता येत नाही. मला वाटतं १९८० मध्ये. कारण निकाल लागला तेव्हा वर्षभर त्याची कुठे फारशी वाच्यता झाली नव्हती. कायद्याच्या अहवालांत छापून तो जिरला असता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांतल्या धागमवार पुण्याच्या. न्यायालयाच्या निकालावर इतकं रोखठोक, सभ्य आणि मुद्देसूद भाष्य या देशात त्याआधी क्वचितच झालं असेल. ते पत्र पेपरांत आलं, मार्च १९८० मध्ये मुंबई-दिल्ली-नागपुरात बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात, रुग्णालयात, तुरुंगात, जिथे बाई दुसऱ्याच्या ताब्यात असते तिथे संमती नव्हती असं ती म्हणाली तर न्यायालयानं ते आधी मानायचं, अशी तरतूद झाली. निकाल मात्र फिरला नाही. दोघं सुटले ते सुटलेच.

मोठ्या आईला त्या चौघांची नावं माहीत नाहीत. पण पत्रातला सवाल आणि तिचा सवाल एकच आहे, आणि तो तिनं लाईनीवरून आलेल्या बिडीकामगार बायकांकडून ऐकलेल्या तुटक खबरीवरून काढला होता. न्यायालयाच्या बातमीदारीचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर अशा बायकांना कुठे बसवणार, मला ठाऊक नाही. बसवावं एवढं खरं.

जंगलाचा हुकूम आला १२ डिसेंबर १९९६ ला. आला म्हणजे दिल्लीत सुटला. प्रकरण निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलतोडीचं. अर्ज करणारे निलांबूरच्या राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि बी. एन. कृपाल यांनी म्हटलं, की ‘वन’ म्हणजे शब्दकोशात जे वन तेही, आणि सरकारी दप्तरात ज्या जमिनीपुढे वन असं लिहिलंय तीही. मालकी कुणाची का असेना. अशा कोणत्याही जमिनीवर केंद्राच्या परवानगीशिवाय दुसरं काम नाही. देशभरच्या आरागिरण्या बंद पडल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात आल्या. आमच्या लोकांना वाटलं, आरागिरण्यांचा हुकूम आहे. कुणाच्याही ध्यानात आलं नाही, की ‘सरकारी दप्तरात जे लिहिलंय’ या चार शब्दांत आपल्या गावाचा आखर, मसणवट, शाळा आणि अर्धी वस्ती सापडली आहे.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी २००० मध्ये, अभयारण्यांतून वाळलेलं, पडलेलं लाकूड आणि गवतही उचलायचं नाही, असा आदेश झाला. तो मात्र आठवड्यात समजला, कारण नागझिऱ्याचं जंगल आमच्या डोंगराला लागूनच आणि नाकेदार आपला ओळखीचा. त्यानंच येऊन सांगितलं. मोळी डोक्यावर असलेल्या बाईला बातमी तिथेच मिळते, आणि तिला अपिलाची सोय नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये वनहक्काचे दावे फेटाळलेल्या दहा लाखांहून अधिक कुटुंबांना बाहेर काढण्याचा आदेश निघाला, पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली; पहिल्या बातमीनं गावांत जो घोर लावला तो दुसऱ्या बातमीनं पुरता गेला नाही. स्थगितीची बातमी नेहमीच लहान टायपात येते, हा माझा जुना राग आहे.

आता झुडपीकडे येते.

बोदलकसाचा तलाव १९१७ मध्ये पुरा झाला, इंग्रज अमदानीत. लोक आता तिथे पक्षी पाहायला येतात, पर्यटन महामंडळाच्या निवासात उतरतात. चहूकडून डोंगर, मध्ये पाणी. फोटोत न येणारा एक तिसरा भाग असतो, डोंगराच्या पायथ्याशी आणि गावाच्या मधला. मुरमाड, खुरटा, बोरी-पळस-तरोट्याचा. गायकी ढोरं घेऊन तिथे जातो. इंग्रजांच्या बंदोबस्तात अशा जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ असं लिहिलं गेलं. ती शेतीची नाही आणि इमारती लाकडाचीही नाही. चराईला, काटक्या-कुटक्यांना, मुरमाला, निस्ताराला. मालगुजारी गेली, मध्य प्रदेश गेला, महाराष्ट्र आला, तरी नोंद तशीच उतरत राहिली. त्याच जमिनीवर दरम्यान सरकारनंच शाळा बांधल्या, घरकुलं दिली, भूमिहीनांना पट्टे वाटले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांत वन म्हणून राखायला अयोग्य ठरलेली झुडपी जमीन ८६,४०९ हेक्टर.

मोठ्या बाबांच्या घराचा मागचा अर्धा भाग अशा एका गटात आहे. पोराला घर वाढवायला कर्ज हवं होतं. एका कचेरीत सातबाऱ्यावरचा शब्द बघून कारकुनानं कागद सरकवून परत दिला. “जंगलात राहता का जी तुम्ही?” असं तो हसून म्हणाला, ते मोठ्या बाबांना फार लागलं.

२२ मे २०२५ ला निकाल आला. खंडपीठ सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचं. गवई अमरावतीचे, वकिली नागपूर खंडपीठात केलेली, सरन्यायाधीशपदाची शपथ घेऊन आठवडाच झालेला. विदर्भातल्या पेपरांचा आठवडा सत्कारांच्या बातम्यांत गेला होता. ‘सुपुत्र’ हा शब्द आमच्या संपादकांना किती प्रिय आहे, हे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले तेव्हाच समजलं होतं. निकालाच्या रात्री माझ्या फोनवर पुतण्यानं दोन कात्रणं पाठवली. एकाचा सूर, झुडपी जंगलावर राहणाऱ्यांना दिलासा. दुसऱ्याचा सूर, सगळी झुडपी जमीन जंगलच, न्यायालयाचा दणका. पुतण्यानं खाली लिहिलं होतं, “आत्या, यातलं खरं कोन्तं?”

दोन्ही खरी होती, हीच तर पंचाईत. न्यायालयानं सांगितलं, की १९९६ च्या हुकुमाप्रमाणे झुडपी ही वनजमीनच. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं जी जमीन दिली आणि जिचं वर्गीकरण बदललं नाही, तिच्यापुरता अपवाद. राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवून ती वनक्षेत्राच्या यादीतून काढून घ्यावी, आणि त्यासाठी बदल्यात झाडं लावण्याची किंवा जंगलाची किंमत भरण्याची अट नको. त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनींचे प्रस्ताव आले तर कायदा मोडून जमीन देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई केल्याचंही दाखवायचं. २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यापारासाठी झालेली अतिक्रमणं काढायला जिल्ह्यात पथक. आणि तीन हेक्टरांहून लहान, कोणत्याही वनाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत.

वाहिन्यांवर त्या रात्री विजयाची आणि पराभवाची भाषा चालू होती. एक वक्ते पर्यावरण जिंकलं म्हणत होते, दुसरे विकास. आता बऱ्याच सुनावण्या थेट दिसतात, निकालांचे अनुवादही प्रादेशिक भाषांतून मिळायला लागले आहेत. निकाल वाचायला कुणाची आडकाठी नाही. पण चर्चेत एकाही माणसानं तारीख उच्चारली नाही. मी फोनवर मोठ्या बाबांना वाचून दाखवत होते, पहिल्या दोन वाक्यांतच त्यांनी अडवलं.

“शहाण्णवच्या आंधी का मांगं, ते सांग.”

आधी, मी म्हटलं.

“मंग डिसेंबरच्या आंधी का?”

पंच्याऐंशीकडे झुकलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं सारा निकाल त्याच्या बिजागरीवर धरला होता. त्यांचा पट्टा १९९४ चा. शेजाऱ्याचा १९९७ च्या उन्हाळ्यातला. दोघांची घरं एकाच कुडाच्या दोन बाजूंना. एकाला दिलासा आणि दुसऱ्याला दणका. दोन्ही कात्रणं एकाच अंगणात खरी ठरली होती.

पुढच्या रविवारी मी गावी गेले तर आखरावर सभाच भरली होती. तिरोड्याकडच्या ३,३०० मेगावॉटच्या वीज केंद्राच्या कोळशाचा वाद आयोगातून न्यायाधिकरणात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात चढत गेला तेव्हा पेपरांची अर्थपानं भरभरून वाहत होती. ताडोब्याशेजारच्या लोहाऱ्याची खाण नाकारली गेली इथपासूनची ती गोष्ट. आमच्याकडे तेव्हा कुणी सभा भरवली नव्हती. आता मात्र ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा गट नंबर पाठ करून बसला होता. कुणी निस्तार पत्रकाची झेरॉक्स आणली होती, कुणी घरकुलाचा मंजुरी आदेश, कुणी तर नुसती घरपट्टीची पावती. पटवाऱ्याचं म्हणणं, प्रस्ताव वरून ठरलेल्या नमुन्यात जाणार, तोवर काही लिहून देता येत नाही. शेजाऱ्यानं विचारलं, जमीन देणारा सायब रिटायर होऊन मेला, कारवाई कोणावर करता? त्यावर हशा पिकला, पण तो हसत नव्हता.

मग गायकी उठला. खुद्द आखराचा तुकडा तीन हेक्टरांच्या आत आहे, भोवती शेतं आहेत, जंगल लागून नाही. म्हणजे तो संरक्षित वन होणार. “मंग माह्या गायी सकाळी उभ्या कोठी राहतीन?” त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. संरक्षित वनात चराईचे हक्क नोंदवता येतात, एवढं मी सांगितलं. ते नोंदवणार कोण आणि कधी, हे मलाही सांगता येईना.

एवढ्यात तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. प्रतिक्रिया हवी होती. मोठ्या बाबांनी चांगली दहा मिनिटं दिली: १९९४ चा पट्टा, कचेरीतला कारकून, शेजाऱ्याचं घर, गायकीचा सवाल, आणि मध्येच आबाजींचं तेंदूचं पुडकंही. तिसऱ्या दिवशी अंक आला. चौथ्या पानावर खाली एक ओळ होती: निकालामुळे ग्रामस्थांमध्ये आनंदाचे वातावरण आहे.

पुतण्यानं ती मोठ्यानं वाचली. मोठी आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आनंद कोन्त्या गटात हाये म्हन्ते?”